शाप म्हणजे नेमकं काय? आणि तळतळाट, करणी, आई शप्पथ यांचं काय नातं?

माझ्या लहानपणी अशोक चौकाच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती आणि चार घरांत मिळून एक नळ. तेव्हा सोलापुरात पाणी रोज यायचं नाही, चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळं पाणी आलं की घागरीवरनं भांडण ठरलेलं. एकदा आमची आजी, शेजारची तेलुगू अक्का आणि समोरची कानडी अव्वा अशी तिघींची जुंपली. आजी ओरडली, "मुडदा बशिवला तुझा, घागर माझी पहिली होती!" अक्का म्हणाली, "नी मोहं मंडा!" अव्वा म्हणाली, "निन्न मनि हाळाग!" मी आठ-नऊ वर्षांचा असेन, तिन्ही भाषा अर्ध्यामुर्ध्या कळायच्या. तेलुगूत तोंड जळो म्हणलेलं, कानडीत घर उद्ध्वस्त होवो म्हणलेलं, आणि आजीनं तर प्रेतच बसवलेलं. मला वाटलं आता उद्यापर्यंत चाळीत कुणीतरी जाणार. पण संध्याकाळी अक्का वाटीत चिंचेचं काहीतरी आंबटगोड घेऊन आली आणि आजीनं तिला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

रात्री मी आजीला विचारलं, तू तर अक्काला शाप दिलास ना. ती म्हणाली, "शाप नव्हं रे पोरा, ती शिवी. शाप असा तोंडातनं निघत नसतो, त्याला पोट जळावं लागतं."

पुढं बरीच पुस्तकं चाळली पण शिवी आणि शाप यातला फरक इतक्या थोडक्यात कुठं सापडला नाही. हल्ली शाप, तळतळाट, नजर, करणी सगळं एकाच अर्थानं वापरतात, आणि त्यानं नुसती भाषाच बिघडते असं नाही, जित्या माणसांचं नुकसान होतं. म्हणून हे शब्द एकदा नीट उलगडून बघूया.

शाप हा शब्द संस्कृतातल्या शप् या धातूवरनं आला. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ दिलाय "शप आक्रोशे", म्हणजे ओरडून, चिडून, कुणाला उद्देशून बोलणं. याच धातूचं दुसरं लेकरू म्हणजे शपथ. शाप आणि शपथ सख्खी भावंडं आहेत हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण एक वाईट आणि एक पवित्र असं आपण धरून चालतो. पण जरा विचार करा, शपथ घेताना आपण काय करतो? मी खोटं बोलत असेन तर माझं वाईट होवो, असं म्हणतो. म्हणजे शपथ हा अटीवर स्वतःलाच घातलेला शाप. वेदांच्या काळात तर शपथ हा शब्दच शाप या अर्थानं वापरलेला दिसतो, कोर्टात घेतात ती शपथ हा अर्थ नंतर पक्का झाला.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, 104 व्या सूक्तात, याचं फार जिवंत उदाहरण आहे. हे सूक्त परंपरेनं वसिष्ठांचं मानतात. त्यांच्यावर आळ आलाय की हा यातुधान आहे, म्हणजे चेटूक करणारा. त्यावर ते म्हणतात, "अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि", मी यातुधान असेन तर आजच्या आज मरून जाईन. ही झाली शपथ. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात ते म्हणतात की ज्यानं मला खोटंच यातुधान म्हणलं तो आपल्या दहा वीरपुत्रांना मुको. हा झाला शाप. एका श्वासात दोन्ही! या श्लोकाकडं मी शेवटी परत येणार आहे.

आपण "आई शप्पथ" म्हणतो तेव्हा खरं तर केवढी भयंकर गोष्ट बोलतो बघा, खोटं बोललो तर आईला काहीतरी होईल असं ते आहे. लहान पोरं गळ्याला चिमटा धरून "गळ्याशप्पथ" म्हणतात, तिथं तर जीव कुठनं जाणार ती जागाच दाखवलेली असते. आणि कुणी आपल्याला शपथ घातली की आपण मागं लागायचो, "सुटली म्हण, आधी सुटली म्हण!" समोरच्यानं सुटली म्हणलं की जीव भांड्यात. ही गोष्ट पुराणातल्या उःशापासारखीच आहे. शाप ज्यानं दिला त्यालाही तो पूर्ण मागं घेता येत नाही, पण तो त्याला दार ठेवू शकतो. दुर्वासांनी शकुंतलेला शाप दिला की ज्याच्या विचारात तू हरवलीस तो तुला विसरेल, मग तिच्या सखीनं विनवणी केल्यावर म्हणाले की ओळखीचा दागिना दिसला की शाप संपेल. ते दार म्हणजे उःशाप. आपल्या गोष्टींमधे शाप हा पक्का असतो पण बंदिस्त फार कमी वेळा असतो, मेघदूतातल्या यक्षाला सुद्धा वर्षभराचाच विरह होता. परीक्षित राजाला मात्र सात दिवसांत तक्षक डसेल असा शाप मिळाला आणि त्याला उःशाप नव्हता, म्हणून ती गोष्ट इतकी जड वाटते.

मधेच एक, शुद्धलेखनवाल्यांसाठी: शब्द शाप आहे, श्राप नाही. श्राप हे रूप हिंदी सिरियलींमुळं जास्त कानावर पडायला लागलं. गावाकडं सराप म्हणतात, ते बोलीतलं रूप आहे, त्याला चूक म्हणायचं कारण नाही.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग, व्याकरण. शापाचं व्याकरण. पडो, लागो, जळो, मरो, होवो. हा शेवटचा "ओ" बघा. संस्कृतात भवतु, प्राकृतात होउ, मराठीत होवो असा तो आलाय. आपण कुणाला हुकूम सोडतो तेव्हा "जा, कर, बस" म्हणतो, पण जे आपल्या हातात नाही, जे देवानं, नशिबानं, कुणीतरी तिसऱ्यानं करावं असं वाटतं तिथं हा ओ येतो. म्हणजे शाप देणाऱ्याच्या हातात काठी नसते, अधिकार नसतो, कोर्टात जायला पैसे नसतात, एवढा एक ओ असतो. आणि गंमत अशी की आशीर्वादाचं व्याकरणही तेच. "सुखी होवो" आणि "वाटोळं होवो" यात क्रियापद एकच. "इडापीडा टळो, बळीचं राज्य येवो" हे दिवाळीत म्हणतो त्यातही तेच. पसायदान आख्खं याच ओ वर उभं आहे, जावो, पाहो, लाहो. त्यातली एक ओळ मला शापाच्या संदर्भात नेहमी आठवते, "जे खळांची व्यंकटी सांडो". दुष्ट मरो असं नाही मागितलं, दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो असं मागितलं. शापाचाच साचा घेतला आणि त्यात काय भरलं बघा.

आणि हे आमच्या सोलापूरकरांना अभिमानानं सांगायलाच पाहिजे. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल म्हणून गाव आहे, भीमा आणि सीना नद्यांच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात शेवटी मराठीत एवढंच आहे, "वाछि तो विजेया होईवा", जो वाचेल तो विजयी होवो. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव वाक्यांपैकी हे एक, आणि तो आशीर्वाद आहे, तोही फक्त वाचणाऱ्याला! मी पहिल्यांदा कुडलला गेलो तेव्हा ती ओळ मोठ्यानं वाचली होती.

पण दगडावर शापही कोरायचे. परळचा 1187 सालचा शिलाहार राजा अपरादित्याचा लेख आहे, त्यात शेवटी म्हणलंय की जो कोणी हे शासन, म्हणजे दानाचा हुकूम, लोपेल त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथ देवाची भाल, म्हणजे भाला, पडो, आणि पुढं त्याच्या आईबद्दल गाढवाची अशी शिवी आहे जी इथं लिहिण्यासारखी नाही. अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मधे मजकूर, खाली बाई आणि गाढव. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालू राहो आणि मोडणाऱ्याची अब्रू जावो असा त्याचा अर्थ. म्हणजे राजाकडं सैन्य होतं तरी त्याला शापाची गरज लागली, कारण तो मेल्यावर त्याची जमीन कुणी हिसकावली तर सैन्य थोडंच उठून येणार होतं. आणि त्यात शिव्या खाणारी मात्र कुणाची तरी आई, हे तेव्हापासनं आजपर्यंत बदललेलं नाही, याचा मला मनापासनं राग येतो.

बायकांच्या तोंडचे शाप नीट ऐकले तर त्या त्या काळाची भीती कळते. "पटकी आली तुला" यात पटकी म्हणजे कॉलरा. गावंच्या गावं कॉलऱ्यानं रिकामी व्हायची, मरीआईचा गाडा गावाबाहेर काढायचे, त्या दिवसांतला हा शाप. आता पोरांना पटकी म्हणजे काय ते माहीत नाही. "मसणात जा" मधलं मसण म्हणजे श्मशान. "मुडदा" फारसी मुर्दा वरनं. "वाटोळं" हा शब्द संस्कृत वर्तुल वरनं आलाय, म्हणजे मुळात नुसतं गोल, पण आता कुणी घर गोल झालं म्हणत नाही, वाटोळं झालं म्हणजे संपलंच. "तळपट होवो" म्हणजे समूळ नाश. "निर्वंश होवो" हा सगळ्यात कडक मानायचे, आमची आजी भांडणात काहीही बोलायची पण हा शब्द तिनं कधी काढला नाही, आणि दुसऱ्यानं काढला की ती घरात निघून यायची. घरात तिन्हीसांजेला वाईट बोललं की दटावायची, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून.

आता तळतळाट. शाप आणि तळतळाट एकच असं वाटतं पण क्रियापदं बघा, मराठीनं फरक किती बारीक केलाय. शाप देतात. नजर लागते. करणी करतात. मूठ मारतात. आणि तळतळाट? तळतळाट घेतात! "गरिबाचे तळतळाट घेऊ नको" असं आपण म्हणतो. म्हणजे ज्याचा जीव जळाला त्यानं काही केलेलंच नाही, त्यानं तोंड उघडलेलं नाही, ज्यानं अन्याय केला त्यानंच तो ओढवून घेतला. तळतळणं म्हणजे आतल्या आत जळणं. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका बिड्या वळायच्या. दिवसभर मान मोडून हजार बिड्या वळायच्या आणि कारखान्यात नेल्या की त्यातल्या मूठ-मूठ काढून बाजूला टाकायचे, छाट म्हणून, त्याचे पैसे नाहीत. अक्का परत यायची ती गप्प यायची. शिव्या नाही, शाप नाही. आजी मला हळूच म्हणायची, "बघ, तिचा तळतळाट घेतला त्यांनी." पाण्याच्या रांगेतली अक्का आणि ही अक्का, यातला फरक मला तेव्हाच कळला.

आमच्याकडचे मुसलमान शेजारी यालाच हाय म्हणायचे, "गरीब की हाय लगेगी", आणि बोलून दाखवली की ती बद्दुआ. बद म्हणजे वाईट, दुआ म्हणजे प्रार्थना. इथंही तेच, शाप म्हणजे उलटी फिरवलेली प्रार्थना. आणि कानडीत, तेलुगूत तर शब्द आपलाच, शाप, शापम. सोलापुरात चार भाषा एका गल्लीत राहतात आणि चारींत ही गोष्ट अशीच आहे.

हाताची भाषासुद्धा बघा. कुणाच्या नावानं "कडाकडा बोटं मोडणं" म्हणजे शाप देणं. पण मी परगावाहून आलो की आजी माझ्या गालावरनं दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर नेऊन तीच बोटं कडाकडा मोडायची. त्याला अलाबला घेणं म्हणतात, तुझी बला माझ्यावर येवो. आवाज तोच, बोटं तीच. "शिव्यांची लाखोली" मधली लाखोली म्हणजे देवाला वाहिलेली लाख फुलं किंवा पानं. देवाच्या आणि शापाच्या दोन्ही कामाला भाषेनं एकच भांडं वापरलंय.

आता खरा प्रश्न, शाप लागतो का? "कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही" ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय, म्हणजे आंधळा विश्वास पूर्वीही नव्हता. शब्दात विष नसतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात भीती बसली तर शरीराचं काम बिघडतं हे मात्र खरं आहे. अमेरिकेतला शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यानं 1942 साली यावर निबंध लिहिला, जगभरातल्या वेगवेगळ्या समाजांतनं आलेल्या हकिकती गोळा करून, की आपल्यावर मंत्र घातलाय असं पक्कं वाटलेली माणसं खरंच खंगून मरतात आणि त्यामागं सतत भेदरलेल्या अवस्थेचा हात असावा. पुढं 1961 साली वॉल्टर केनेडी नावाच्या डॉक्टरनं नोसिबो हा शब्द आणला. प्लासिबो म्हणजे साधी साखरेची गोळी औषध समजून घेतली तरी बरं वाटतं ते, आणि नोसिबो त्याच्या उलट, त्रास होणार असं सांगितलं की त्रास होतो. लॅटिनमधे नोसिबोचा अर्थ आहे "मी इजा करीन". शापच की तो! फक्त करणारा दुसरा कुणी नसतो, आपलीच धास्ती असते.

कायद्यालाही हे माहीत होतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 508 कलम होतं, समोरच्याला देवाच्या कोपाची भीती घालून त्याच्याकडनं काही करवून घेणं हा गुन्हा. आणि त्या कलमात उदाहरण काय दिलंय माहितीय का, एखाद्याच्या दारात धरणं धरून बसणं, अशा हेतूनं की त्या बसण्यानं घरमालकावर देवाचा कोप होईल असं वाटावं. नव्या न्याय संहितेतही हा गुन्हा ठेवलाय. आज सोलापुरात पूनम गेटसमोर मागण्यांचा फलक लावून लोक धरणं धरतात, त्या शब्दाच्या पोटात हा जुना शाप आहे. दाराशी उपाशी बसलेला माणूस, ज्याच्याकडं दुसरा उपाय नाही.

शाळेत "विज्ञान शाप की वरदान" हा निबंध कुणी लिहिला नाही असा मराठी माणूस नसेल. तिथं शाप म्हणजे फक्त तोटा. शापित वाडा, शापित कलाकार, हे सगळं आता ढिलं झालंय आणि चालायचंच, शब्द असेच झिजतात. पण एका ठिकाणी मी ढिलाई चालवून घेत नाही, ती म्हणजे करणी.

करणी, भानामती, चेटूक, जादूटोणा. भानामती हा शब्द आमच्या शेजारच्या लातूर, बिदर भागात जास्त ऐकू येतो. जादू हा फारसी शब्द आहे आणि तो वेदातल्या यातु चा चुलतभाऊ, ज्यावरनं यातुधान झाला. शाप आणि करणी यात फरक असा की शाप उघड असतो, तोंडावर असतो, त्याला कारण असतं आणि देणारा स्वतः पुढं येऊन सांगतो की हो, मी दिला. करणी कुणी केली म्हणून स्वतःहून सांगत नाही. ती नेहमी दुसराच कुणीतरी कुणावर तरी ढकलतो. लिंबू, बाहुली, टाचण्या सापडतात आणि मग बोट दाखवलं जातं, बहुतेक वेळा एकट्या बाईकडं, विधवेकडं, जिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही तिच्याकडं. म्हणजे शाप हे दुबळ्याचं हत्यार आणि करणीचा आळ हे दुबळ्यावर चालवायचं हत्यार. दोन्हींना एकच शब्द वापरणं हे मला म्हणून पटत नाही.

नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं घालवली तो त्यांच्या खुनानंतर आला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, 5 हजार ते 50 हजार दंड. या कायद्यात शाप देणं गुन्हा नाही, देव-धर्म पाळणं गुन्हा नाही. पण अमुक माणूस करणी करतो, याच्या मंत्रानं गाईचं दूध आटतं असं पसरवणं, त्यापायी कुणाला छळणं, मारणं, हा गुन्हा आहे. आणि आता वसिष्ठांचा श्लोक परत आठवा. शाप कुणाला होता? ज्यानं खोटंच यातुधान म्हणलं त्याला.

आमच्या गल्लीत पुढं काही वर्षांनी एक प्रकार झाला. एका घरात पोराला ताप हटत नव्हता, दारात उतारा सापडला, आणि चार जणांनी ठरवलं की हे कोपऱ्यावरच्या मावशीचं काम. त्या मावशीला मी ओळखत होतो, मापटंभर ज्वारी उसनी नेली तर शिगोशीग भरून परत करणारी बाई. लोक तिच्या दाराशी जमले, कुणीतरी तिच्या चुलीपर्यंत घुसून शोधाशोध केली, काही सापडलं नाही. पोराला टायफॉइड निघाला, तो औषधानं बरा झाला, पण मावशीकडं कुणी माफी मागायला गेलं नाही. त्या दिवशी गर्दी पांगताना ती उंबऱ्यात उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करून शांतपणे म्हणाली, "मी केलं असंल तर माझे हात झडोत. आणि नसंल केलं, तर ज्यानं नाव घेतलं त्याचं तो देव बघो."

घरी येऊन मी आजीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. परातीतले हात तसेच थांबले. म्हणाली, "हां. ह्याला म्हणत्यात शाप."